गोव्यातील माध्यमसेवा आणि शिक्षणव्यवस्था : एक आढावा

गोवा हे ३७०२ चौरस किलोमीटर क्षेत्राचे, क्षेत्रफळाने देशातील सर्वांत लहान राज्य असून २०११ च्या जनगणनेत तेथील लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास भरली होती. महाराष्ट्रातील एखाद्या मध्यम आकाराच्या जिल्ह्याहूनही लहान असलेल्या या प्रदेशात मराठी, कोकणी आणि इंग्रजी अशा तीन भाषांतून दैनिके निघत आली आहेत, कोकणीतील नियतकालिके देवनागरी आणि रोमी, म्हणजे रोमन अक्षरांची, अशा दोन लिप्यांतून छापली गेली आहेत, आणि आकाशवाणीचे केंद्र, स्थानिक वृत्तवाहिन्या व अलीकडची समाजमाध्यमे यांची त्यात भर पडली आहे. साक्षरतेच्या बाबतीतही हे राज्य देशात वरच्या क्रमांकावर राहिले आहे. तथापि या दोन गोष्टींचा विचार बहुधा स्वतंत्रपणे होतो. वृत्तपत्रांचा इतिहास लिहिणारे शाळांकडे ओझरते पाहतात आणि शिक्षणाचा आढावा घेणारे वृत्तपत्रांचा उल्लेख तळटीपेपुरता करतात.

प्रस्तुत लेखात 'माध्यमसेवा' ही संज्ञा व्यापक अर्थाने वापरली आहे. वृत्तपत्रे, नियतकालिके, नभोवाणी, दूरचित्रवाणी, सार्वजनिक वाचनालये आणि संगणकीय जाळ्यावरून घरापर्यंत पोहोचणारा मजकूर या सर्वांचा तीत समावेश होतो, कारण माहिती आणि विचार लोकांपर्यंत नेण्याचे काम या सर्वच सेवा करतात. या आढाव्यातून पुढे येणारे मुख्य प्रतिपादन असे की, छोट्या राज्यात वर्तमानपत्राचा वाचक आणि नभोवाणीचा श्रोता प्राथमिक शाळेत घडतो, आणि शाळेत मिळालेली अक्षरओळख टिकवून धरण्याचे काम शाळेबाहेरची माध्यमे करतात. म्हणून एका व्यवस्थेबाबत घेतलेला निर्णय दुसरीवर परिणाम केल्यावाचून राहत नाही. गोव्याच्या साडेचार शतकांच्या इतिहासात याचे पुरावे जागोजागी सापडतात.

छापखाना आणि पाठशाळा

६ सप्टेंबर १५५६ रोजी जेझुइट धर्मगुरूंच्या सामानाबरोबर एक मुद्रणयंत्र गोव्यात उतरले. ते खरे तर अबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला, जायचे होते. परंतु ते गोव्यातच राहिले आणि जुन्या गोव्यातील सेंट पॉल महाविद्यालयात बसविले गेले. भारतातील पहिला छापखाना अशा रीतीने एका शिक्षणसंस्थेच्या आवारात सुरू झाला आणि त्यावर प्रथम छापला गेलेला मजकूर म्हणजे महाविद्यालयातील वादसभेत मांडावयाच्या तात्त्विक सिद्धान्तांचा संग्रह होता. १५६३ मध्ये गार्सिया द ओर्ता यांचा भारतीय वनौषधींवरील संवादग्रंथ गोव्यातच छापला गेला. फादर थॉमस स्टीफन्स यांचे मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये राशोल येथे रोमन अक्षरांत मुद्रित झाले, तर त्यांनीच रचलेले कोकणीचे व्याकरण त्यांच्या निधनानंतर १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. धर्मप्रसार हा या सर्व उद्योगाचा हेतू असला, तरी त्यासाठी स्थानिक भाषा शिकणे, शिकविणे आणि छापणे या तिन्ही गोष्टी एकत्र चालल्या होत्या.

हा प्रवाह फार काळ टिकला नाही. १६८४ मध्ये व्हाइसरॉय कोंदि द आल्व्होर यांनी काढलेल्या फर्मानाने तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज भाषेचा अवलंब करण्याचे बंधन रयतेवर घातले, आणि त्याच सुमारास मुद्रणाचे कामही जवळजवळ थांबले. भाषेला शाळेतून आणि छापखान्यातून एकाच वेळी बाहेर काढले की काय होते, याचे हे जुने उदाहरण आहे. गोव्यात पुन्हा छपाई सुरू झाली ती १८२१ मध्ये, आणि त्याच वर्षी २२ डिसेंबरला 'गाझेता द गोवा' हे पहिले वृत्तपत्र निघाले. त्यानंतर १८३२ मध्ये पणजीत सार्वजनिक ग्रंथालय, १८४२ मध्ये वैद्यकीय शाळा आणि १८५४ मध्ये लिसेयम, म्हणजे पोर्तुगीज पद्धतीचे माध्यमिक विद्यालय, अशा संस्था उभ्या राहिल्या. २२ जानेवारी १९०० रोजी 'ओ हेराल्दो' हे गोव्यातील पहिले दैनिक सुरू झाले, तेव्हा त्याचा वाचक कोण हे निराळे सांगण्याची गरज नव्हती. लिसेयममधून बाहेर पडलेला, पोर्तुगीज जाणणारा, मुख्यतः शहरी आणि उच्चवर्णीय वर्ग हाच तो वाचक होता.

या वर्तुळाबाहेरच्या बहुसंख्य मुलांसाठी गावोगाव शेणयमामाच्या शाळा चालत. मंदिराच्या अग्रशाळेत किंवा एखाद्या वतनदाराच्या ओसरीवर भरणाऱ्या या शाळेत एकच शिक्षक असे, धूळपाटीवर अक्षरे गिरविली जात, पाढे आणि पावकी-निमकी तोंडपाठ करून घेतली जात, मोडी वाचायला शिकविले जाई, आणि शिक्षकाचा मोबदला बऱ्याचदा धान्याच्या रूपाने दिला जाई. सरकारदरबारी या शाळांना स्थान नव्हते. तरीही मराठी ग्रंथ, पोथ्या आणि पुढे मराठी वर्तमानपत्र वाचू शकणारा वर्ग गोव्यात टिकून राहिला तो प्रामुख्याने त्यांच्यामुळे.

ऑक्टोबर १९१० मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताकाची स्थापना झाली, राज्यसत्ता चर्चपासून वेगळी करण्यात आली आणि गोव्यातील हिंदूंना समान नागरी हक्कांचा मार्ग मोकळा झाला. त्यानंतरच्या दोन दशकांत खासगी मराठी शाळा, वाचनालये आणि मराठी नियतकालिके यांची एकमेकांच्या आधाराने वाढ झाली. १९०८ मध्ये पणजीत स्थापन झालेल्या मुष्टिफंड या संस्थेची कार्यपद्धती यासंदर्भात विशेष बोलकी आहे. घरोघर रोजच्या स्वयंपाकाच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढावी, साठलेला तांदूळ संस्थेने गोळा करावा आणि त्याच्या पैशातून मुलांच्या शिक्षणाचा खर्च भागवावा, ही कल्पना ज्या समाजाने उचलून धरली, त्या समाजाला शाळा ही सरकारकडून मिळणारी वस्तू वाटत नव्हती. याच सुमारास डॉ. पुरुषोत्तम शिरगावकर यांचे 'प्रभात' आणि केप्याचे गोविंद पुंडलिक हेगडे देसाई यांचे 'भारत' ही पत्रे सुरू झाली. या पत्रांतून शाळांसाठी आवाहने निघत, आणि शाळांतून त्यांचे पुढचे वाचक तयार होत.

ख्रिस्ती समाजातील श्रमिक वर्गाची वाट वेगळी होती. त्यांची कोकणी रोमन अक्षरांत लिहिली जाई आणि ती अक्षरे त्यांना सरकारी शाळेपेक्षा चर्चच्या आवारात, प्रार्थनापुस्तकांतून व धर्मशिक्षणातून परिचयाची होत. कोकणीतील पहिले नियतकालिक 'उदेंतेचें साळक' हे १८८९ मध्ये पुण्याहून निघाले, तर १९३३ मध्ये पिलार येथून 'वावराड्यांचो इश्ट' हे साप्ताहिक सुरू झाले. या पत्रांना शालेय अभ्यासक्रमाचा कोणताही आधार नव्हता, ही बाब पुढील चर्चेच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पोर्तुगालचे हुकूमशहा सालाझार यांच्या राजवटीत हा सगळा व्यवहार पूर्वतपासणीच्या जाचाखाली आला. पूर्वतपासणी म्हणजे छापण्यापूर्वी प्रत्येक मजकूर सरकारी तपासनिसाकडून संमत करून घेणे. लग्नपत्रिकासुद्धा तपासणीतून सुटत नसे, असे मुक्तिलढ्यासंबंधीच्या लेखनात वारंवार नमूद झाले आहे. १९४६ मध्ये सरकारने 'एमिसोरा द गोवा' हे नभोवाणी केंद्र सुरू केले. त्याला उत्तर मिळाले ते सीमेपलीकडच्या जंगलातून. नोव्हेंबर १९५५ पासून डिसेंबर १९६१ पर्यंत वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी कोकणी व पोर्तुगीज भाषांतून चालविलेल्या गुप्त केंद्राने वर्तमानपत्रांना जे छापता येत नव्हते ते घराघरांत पोहोचविले. अक्षर न येणाऱ्यालाही कळेल असे माध्यम किती प्रभावी ठरू शकते, याचा हा गोव्यातील पहिला मोठा अनुभव होता.

मुक्तीनंतरची उभारणी

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला, तेव्हा तेथे दर तीन माणसांमागे साधारण एकालाच लिहितावाचता येत होते. २४ मार्च १९६२ रोजी 'गोमन्तक' हे मराठी दैनिक बा. द. सातोस्कर यांच्या संपादकत्वाखाली सुरू झाले. १९६३ मध्ये इंग्रजी 'नवहिंद टाइम्स' आणि मडगावहून मराठी 'राष्ट्रमत' निघाले. १५ ऑगस्ट १९७० रोजी 'नवप्रभा'ची त्यात भर पडली. याच काळात, १९६२ मध्ये, पणजीत धेंपे महाविद्यालय आणि मडगावात चौगुले महाविद्यालय स्थापन झाले, आणि त्यामुळे पदवीच्या शिक्षणासाठी मुंबई, पुणे, बेळगाव किंवा धारवाड गाठण्याची सक्ती प्रथमच संपली.

या दोन याद्यांत एक समान धागा आहे. 'गोमन्तक'ची स्थापना खाणव्यवसायातील चौगुले उद्योगसमूहाने केली आणि त्याच घराण्याने मडगावचे महाविद्यालय उभारले; 'नवहिंद टाइम्स' व 'नवप्रभा' ही दैनिके धेंपो उद्योगसमूहाची आणि पणजीचे महाविद्यालयही त्याच घराण्याच्या पुढाकारातून झालेले. लोहखनिजाच्या निर्यातीतून आलेल्या भांडवलाने गोव्यातील आधुनिक वृत्तपत्र आणि आधुनिक महाविद्यालय या दोन्हींचा पाया घातला, हे वास्तव गोव्याच्या सामाजिक इतिहासात पुरेशा ठळकपणे मांडले गेलेले नाही. या दानशूरतेमुळे एका पिढीला उच्च शिक्षण आणि दर्जेदार दैनिके मिळाली, हे निःसंशय. त्याचबरोबर, ज्ञानाची आणि बातमीची साधने मोजक्या घराण्यांच्या हाती एकवटली की जमीन, पाणी आणि खाणी यांसारख्या विषयांवरील निर्भय चर्चेला मर्यादा पडण्याचा धोका असतो, हेही नमूद करणे आवश्यक आहे.

ग्रामीण भागातील खरा पालट मात्र प्राथमिक शाळांनी घडविला. डिसेंबर १९६३ मध्ये मुख्यमंत्री झालेल्या दयानंद बांदोडकर यांच्या कारकिर्दीत सरकारी प्राथमिक शाळा वाड्यावाड्यांवर पोहोचल्या आणि त्यांतील बहुसंख्य मराठी माध्यमाच्या होत्या. पेडणे, सत्तरी, डिचोली, फोंडा, सांगे, काणकोण या भागांतील बहुजन समाजाची पहिली शिकलेली पिढी या शाळांतून बाहेर पडली. तिच्या हाती वर्तमानपत्र पडले ते मराठी, आणि म्हणूनच सत्तरच्या दशकात गोव्यातील मराठी दैनिकांना खेड्यापाड्यांत वाचक लाभला. या दैनिकांचा तालुक्याच्या ठिकाणचा वार्ताहर बऱ्याचदा शाळामास्तरच असे. गावातील पूल, पाणवठा आणि बसफेरी यांच्या बातम्या तोच लिहीत असे आणि वर्गातही त्यावर तोच बोलत असे.

वृत्तपत्रांचे सामर्थ्य १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात प्रकर्षाने दिसले. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की केंद्रशासित राहावे, हा प्रश्न मतदारांपुढे होता. 'गोमन्तक' विलीनीकरणाच्या बाजूने उभा राहिला, तर 'राष्ट्रमत'ने, विशेषतः उदय भेंब्रे यांच्या 'ब्रह्मास्त्र' या सदरातून, मराठी भाषेतच विलीनीकरणाला विरोध केला. केंद्रशासित दर्जाच्या बाजूने ३४,०२१ मतांची आघाडी मिळाली. साक्षरता अजून कमी असलेल्या समाजात दैनिकांनी एवढी भूमिका बजावली, कारण एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, अशी दुकानांच्या फळ्यांवरची आणि देवळांच्या मंडपांतली वाचनसंस्कृती तेव्हा जिवंत होती.

शिक्षणाची भाषा आणि वाचकाची भाषा

१९७५ मध्ये गोव्यासाठी स्वतंत्र माध्यमिक शिक्षण मंडळाची तरतूद झाली, १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झाले, आणि शिक्षणाची संस्थात्मक चौकट पूर्ण झाली. ४ फेब्रुवारी १९८७ रोजी संमत झालेल्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोकणीला राजभाषेचे स्थान दिले आणि शासकीय कामकाजासाठी मराठीच्याही वापराची तरतूद केली. त्याच वर्षी ३० मे रोजी गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला. १९९२ मध्ये कोकणीचा समावेश राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत झाला.

या घडामोडींचा शाळांवर थेट परिणाम झाला तो अनुदानाच्या धोरणातून. अनुदान म्हणजे खासगी संस्थांच्या शाळांतील वेतन व इतर खर्चासाठी शासनाने दिलेली रक्कम; ती कोणत्या माध्यमाच्या शाळेला मिळते, यावर पालकांपुढचे पर्याय ठरतात. १९९० मध्ये, शशिकला काकोडकर शिक्षणमंत्री असताना, प्राथमिक स्तरावर केवळ भारतीय भाषांच्या माध्यमाला अनुदान देण्याचा निर्णय झाला आणि चर्चसंस्थेच्या अनेक शाळांनी प्राथमिक वर्गांसाठी कोकणी माध्यम स्वीकारले. २०११ मध्ये इंग्रजी माध्यमालाही अनुदानाची दारे उघडण्यात आली आणि २०१२ नंतरच्या सरकारने अल्पसंख्य संस्थांच्या इंग्रजी प्राथमिक शाळांचे अनुदान चालू ठेवले. याविरुद्ध भारतीय भाषा सुरक्षा मंचाने दीर्घ आंदोलन केले. प्राथमिक स्तरावर मातृभाषेचे माध्यम शासनाला सक्तीचे करता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०१४ रोजी कर्नाटकाच्या प्रकरणात दिल्याने या वादाची कायदेशीर बाजूही बदलली.

या संघर्षात दोन्ही बाजूंनी मांडलेल्या युक्तिवादांना आधार होता. मूल ज्या भाषेत विचार करते त्या भाषेतच त्याने पहिली अक्षरे गिरवावीत, हे शिक्षणशास्त्राने मान्य केलेले तत्त्व आहे आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह आहे. दुसरीकडे, उच्च शिक्षण, पर्यटन, जहाजवाहतूक आणि परदेशातील नोकऱ्या यांची भाषा इंग्रजी असताना केवळ गरिबांच्या मुलांना तिच्यापासून दूर ठेवणे न्याय्य नाही, हा पालकांचा आक्षेपही खोडून काढण्यासारखा नाही. श्रीमंतांना शुल्क भरून इंग्रजी शाळा नेहमीच उपलब्ध होत्या.

परंतु या सर्व चर्चेत माध्यमसेवांवर होणाऱ्या परिणामाचा विचार अभावानेच झाला. मराठी किंवा कोकणी प्राथमिक शाळा ओस पडते आणि कमी पटसंख्येमुळे शेजारच्या शाळेत विलीन होते, तेव्हा त्या गावातील मराठी-कोकणी वर्तमानपत्रांचे पंधरा-वीस वर्षांनंतरचे वाचक कमी झालेले असतात. 'ओ हेराल्दो'ने १० ऑक्टोबर १९८३ पासून पोर्तुगीज सोडून इंग्रजीचा अवलंब केला, तो पोर्तुगीज वाचणारी पिढी ओसरल्यामुळेच. लिसेयम बंद झाल्यानंतर दोन दशकांनी त्या भाषेतील शेवटचे दैनिकही उरले नाही. शाळेतून गेलेली भाषा वर्तमानपत्रातून किती काळाने जाते, याचे मोजमाप गोव्याच्याच इतिहासात उपलब्ध आहे.

लिपीचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. शाळेत कोकणी शिकविली जाते ती देवनागरीत, पण तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराच्या जाहिराती, अनेक साप्ताहिके आणि चर्चमधील सारे वाचन रोमी लिपीत असते. त्यामुळे सासष्टी तालुक्यातील एखादा विद्यार्थी शाळेत देवनागरी कोकणीची परीक्षा उत्तीर्ण होतो, घरी रोमी कोकणी वाचतो आणि बातम्या इंग्रजीत वाचतो. एकाच भाषेचे त्याचे शालेय ज्ञान आणि घरचे वाचन एकमेकांना भेटत नाही. याउलट देवनागरी कोकणीतील दैनिकांना शाळेचा आधार असूनही सवयीने मराठी वाचणारा वाचक सहज वळत नाही. अलीकडे यात आणखी एका घटकाची भर पडली आहे. वास्को, झुआरीनगर आणि औद्योगिक वसाहतींच्या परिसरातील सरकारी शाळांत कन्नड, हिंदी, उर्दू बोलणाऱ्या कामगारांची मुले मोठ्या संख्येने शिकतात. मराठी व कोकणी प्राथमिक शाळांचा पट काही ठिकाणी या मुलांमुळेच टिकून आहे, पण त्यांच्यासाठी तयार केलेले पूरक वाचनसाहित्य मात्र नाममात्र आहे.

ध्वनी, चित्र आणि पडदा

मुक्तीनंतर 'एमिसोरा द गोवा'च्या जागी आकाशवाणीचे पणजी केंद्र आले. कोकणी आणि मराठीतील बातम्या, नाटके, शेतकऱ्यांसाठीचे कार्यक्रम आणि बालसभा यांच्याद्वारे या केंद्राने अनेक वर्षे शाळाबाह्य शिक्षणाचे काम केले. बोली कोकणीला प्रमाण उच्चार आणि व्यासपीठ मिळवून देण्यात या केंद्राचा वाटा मोठा आहे. खासगी एफएम वाहिन्या आल्या तेव्हा त्यांचा भर प्रामुख्याने चित्रपटसंगीतावर राहिला, आणि शिक्षणविषयक प्रसारणाची जबाबदारी पूर्ववत सार्वजनिक नभोवाणीकडेच राहिली.

चित्रपटाच्या बाबतीत गोव्याला एक आगळी संधी लाभली. २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव दरवर्षी पणजीत भरतो आणि त्याची जुळवाजुळव गोवा मनोरंजन संस्था करते. या महोत्सवाचे केंद्र असलेले मांडवीकाठचे जुने संकुल म्हणजे १८४२ च्या वैद्यकीय शाळेचा वारसा सांगणाऱ्या महाविद्यालयाची पूर्वीची वास्तू होय. महाविद्यालय बांबोळीला हलल्यावर ती मोकळी झाली. महोत्सवामुळे गोव्यातील तरुणांमध्ये चित्रपटनिर्मितीची ओढ वाढली. काही महाविद्यालयांत जनसंवाद हा विषयही शिकविला जातो. जनसंवाद म्हणजे वृत्तलेखन, नभोवाणी, चित्रफीत, जाहिरात आदी माध्यमांचा शास्त्रशुद्ध अभ्यास. मात्र हे शिक्षण जवळजवळ संपूर्णपणे इंग्रजीत चालते, आणि त्यामुळे मराठी व कोकणी वृत्तपत्रांना हवे असलेले उपसंपादक आजही अनुभवातूनच, म्हणजे मजकुराच्या मेजावर बसूनच, तयार होतात. माध्यमांची गरज आणि महाविद्यालयांचा अभ्यासक्रम यांत पडलेली ही फट गंभीर आहे.

संगणक, जाळे आणि डोंगरमाथा

संगणक शाळांत नेण्याच्या बाबतीत गोवा पुढे राहिला आहे. २००२ च्या सुमारास मनोहर पर्रीकर यांच्या सरकारने 'सायबरेज' योजनेखाली उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांना घरी वापरण्यासाठी संगणक दिले. पुढे शालेय विद्यार्थ्यांना टॅब्लेट वाटले गेले, आणि अलीकडे 'केअर्स' या योजनेतून पूर्व-माध्यमिक वर्गांत संगणकीय आज्ञावली व यंत्रमानवशास्त्र यांचे शिक्षण सुरू झाले. या सर्व उपक्रमांत यंत्र पुरविण्यावर जितका भर दिला गेला, तितका त्या यंत्रावर मुलाने काय वाचावे यावर दिला गेला नाही. संगणकाच्या पडद्यावर उघडणारा मजकूर इंग्रजीत, आणि वर्गातील पाठ्यपुस्तक मराठी-कोकणीत, अशी विसंगती त्यामुळे कायम राहिली.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि या धोरणाची कसोटी लागली. शिक्षण एकाएकी मोबाइलवर आले. पणजी, मडगाव, म्हापसा या शहरांत ते कसेबसे चालले. पण सत्तरी आणि सांगे तालुक्यांतील सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत मोबाइलला रेंजच मिळत नव्हती. तेथील मुले वह्या आणि मोबाइल घेऊन डोंगर चढू लागली. जेथे संकेत पकडता येई तेथे झाडाखाली किंवा खडकावर बसून, पावसाळ्यात छत्री आणि प्लास्टिकच्या कागदाचा आडोसा करून, ती पाठ ऐकत. घरात एकच मोबाइल असेल तर मोठ्या भावंडाचा वर्ग संपेपर्यंत धाकट्याचा वर्ग बुडे, आणि बाप तो मोबाइल घेऊन कामाला गेला असेल तर दोघांचाही बुडे. दर्याकाठापासून डोंगरापर्यंतचे अंतर जेमतेम साठ किलोमीटर असलेल्या आणि दरडोई उत्पन्नात देशात अग्रेसर असलेल्या राज्यात हे घडले, ही बाब कोणत्याही आकडेवारीपेक्षा अधिक सांगून जाते.

याच काळात वृत्तपत्रांनी आणि स्थानिक वाहिन्यांनी डोंगरमाथ्यावरील वर्गांच्या बातम्या सातत्याने दिल्या आणि त्यामुळे हा प्रश्न सरकारपुढे आला, हे त्यांचे श्रेय आहे. मात्र ज्या माध्यमाला रेंज लागत नाही आणि जे साध्या संचावरही ऐकू येते, त्या आकाशवाणीचा इयत्तावार पाठांसाठी पद्धतशीर उपयोग करून घेण्याची संधी पुरेशी साधली गेली नाही. केंद्र सरकारने 'दीक्षा' हे शैक्षणिक संकेतस्थळ आणि 'पीएम ई-विद्या' दूरचित्रवाहिन्या उपलब्ध करून दिल्या. परंतु गोव्याच्या अभ्यासक्रमाला जुळणारा कोकणी मजकूर बाहेरच्या कोणत्याही राज्याकडून आयता मिळणे शक्य नव्हते. हिंदी किंवा मराठीला मोठ्या राज्यांचे पाठबळ असते. कोकणीला स्वतःचे शालेय साहित्य स्वतःच निर्माण करावे लागते, आणि हेच छोट्या राज्याच्या माध्यमसेवेचे पहिले कर्तव्य ठरते.

शाळेची बातमी आणि वाचनालयाचे टेबल

शिक्षणाकडे वृत्तपत्रे कोणत्या दृष्टीने पाहतात, हाही या आढाव्याचा भाग आहे. दहावी-बारावीचे निकाल, गुणवंतांची छायाचित्रे, अनुदानावरील राजकीय वाद, शाळांच्या इमारतींची दुरवस्था आणि शिक्षकभरतीतील तक्रारी यांना जागा मिळते. पण तिसरीतील मूल सलग परिच्छेद वाचू शकते का, गणितात ते कोठे अडते, एकशिक्षकी शाळेत चार इयत्ता एकाच खोलीत कशा शिकविल्या जातात, या गोष्टींवरचे वार्तांकन विरळ आहे. याचे कारण वार्ताहरांची अनास्था नव्हे. छोट्या दैनिकाला शिक्षण या एकाच विषयाला वाहिलेला प्रतिनिधी नेमणे परवडत नाही, आणि सरकारी जाहिरातींवरील अवलंबित्वामुळे विभागाच्या कारभारावर सातत्याने लिहिणे अवघड जाते. पूर्वीचा शाळामास्तर-वार्ताहर हा दुवा क्षीण झाल्यावर वर्गातील वास्तव दैनिकापर्यंत आणणारा माणूसच उरला नाही.

याउलट सार्वजनिक ग्रंथालयाच्या क्षेत्रात गोव्याची परंपरा अभिमानास्पद आहे. १८३२ मधील ग्रंथालयाचा वारसा चालविणारे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय पणजीतील पाटो येथील बहुमजली वास्तूत आहे, आणि त्यात पोर्तुगीज, मराठी व कोकणी वृत्तपत्रांचे जुने अंक जतन केले आहेत. सकाळी या ग्रंथालयाच्या वृत्तपत्र विभागात सेवानिवृत्त गृहस्थ, स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी आणि संशोधक एकाच लांब टेबलावर बसलेले दिसतात; तिन्ही भाषांची दैनिके एकामागून एक हातोहात फिरतात. हे दृश्य तालुका आणि ग्राम पातळीवर तितक्याच सहजतेने दिसत नाही, आणि सरकारी प्राथमिक शाळांत तर ग्रंथपाल हे पदच नाही. मुलांना पाठ्यपुस्तकाबाहेरचे वाचन मिळण्याची हक्काची जागा ही शाळाच असताना तेथे कुलूपबंद कपाटापलीकडे वाचनालय नसणे, ही व्यवस्थेतील मोठी उणीव आहे.

निष्कर्ष

३० मे २०२५ रोजी, घटकराज्य दिनी, गोवा पूर्ण साक्षर झाल्याची घोषणा झाली. मुक्तीच्या वेळची स्थिती लक्षात घेता ही उपलब्धी मोठी आहे आणि तिचे श्रेय वाड्यावाड्यांवरच्या प्राथमिक शिक्षकांना द्यावे लागते. परंतु साक्षरता ही सुरुवात आहे. वाचता येणारा माणूस वाचत राहील, याची हमी शाळेबाहेरच्या माध्यमसेवांनी द्यायची असते, आणि गोव्यात आज हाच दुवा सैल झाला आहे. छापखाना, दैनिक, नभोवाणी आणि संगणक ही चारही साधने गोव्यात इतर अनेक प्रदेशांच्या आधी किंवा बरोबरीने आली. साधनांचा तुटवडा हे तेथील दुखणे नाही. मुलाच्या घरच्या भाषेत, त्याच्या परिसराविषयी, त्याला समजेल असा मजकूर या साधनांतून पुरेसा न मिळणे, हे ते दुखणे आहे.

यावरचे उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक सरकारी व अनुदानित प्राथमिक शाळेत एक मराठी आणि एक कोकणी दैनिक यावे आणि आठवड्यातून एक तास त्याच्या सामूहिक वाचनाला द्यावा. आकाशवाणीच्या पणजी केंद्राने शिक्षण विभागाच्या सहकार्याने इयत्तावार पाठांचे नियमित प्रसारण करावे. कोकणी व मराठीतील शालेय मजकूर सर्वांना मुक्तपणे वापरता येईल अशा रीतीने शासनाने संगणकीय स्वरूपात प्रसिद्ध करावा आणि त्यात रोमी लिपीतील आवृत्तीचाही विचार व्हावा. विद्यापीठाने जनसंवादाचा अभ्यासक्रम मराठी आणि कोकणीतूनही चालवावा. दैनिकांनी एकत्र येऊन शिक्षणविषयक वार्तांकनाची सामायिक व्यवस्था उभारावी. माध्यमाच्या वादाचा निकाल काहीही लागो, इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलालाही मराठी-कोकणी वाचनाची गोडी लावता येते, फक्त ते वाचन त्याच्या हाताशी असले पाहिजे. शिक्षण खाते आणि वृत्तपत्रसृष्टी यांनी आपापल्या भिंतींआड वेगवेगळी धोरणे आखण्याचे थांबवून ही जबाबदारी संयुक्तपणे स्वीकारली पाहिजे. एके काळी घरोघरच्या मूठभर तांदळावर शाळा उभ्या करणाऱ्या समाजाला हे अशक्य नाही, आणि आता ते पुढे ढकलणे परवडणारेही नाही.